कुशाई देवी आणि आमचा हॉल

फाल्गुन जवळ आला की नॅशनल पार्ककडून बोरिवलीत एक वारा सुटतो. सकाळी तो शाल मागतो, दुपारी पंखा मागतो आणि संध्याकाळी काय मागायचं ते त्यालाच ठरवता येत नाही. आमच्या सोसायटीच्या मागे सावरीचं एक झाड आहे. या दिवसांत ते इतकं लाल होतं की एकदा आमच्या सावंतांनी अग्निशमन दलाला फोन लावला होता. ते म्हणतात, लावला नव्हता, नंबर फक्त शोधला होता. नवऱ्याचं सगळं असंच, अर्धवट. गच्चीवर आम्हा बायकांचे पोह्यांचे पापड वाळत असतात आणि त्यांच्या कडेकडेने दहावीची मुलं पाठांतर करत फेऱ्या मारतात. मागे एक बिबट्या कंपाउंडच्या भिंतीवर बसून पानिपतच्या पराभवाची सगळी कारणं ऐकून गेला. ज्या मुलाने ती म्हणून दाखवली तो इतिहासात काठावर सुटला. बिबट्याला बसवलं असतं तर बरे मार्क पडले असते.

या सगळ्या गडबडीत अलीकडे रमजान येऊन मिसळलाय. चंद्राच्या हिशोबाने चालणारा महिना, दर वर्षी थोडा अलीकडे सरकतो. आम्ही लहान असताना तो भलत्याच ऋतूंत भेटायचा, आता थेट पापड आणि परीक्षांमध्ये शिरला. यंदा चंद्र दिसला त्या संध्याकाळी मी परात घेऊन गच्चीवरून खाली आले, तर नोटीस बोर्डावर ताजी सूचना. श्री. दळवी यांनी सर्व सभासदांना रोजा सोडण्यासाठी बोलावण्याकरता हॉल मागितला आहे, रविवारच्या सभेत त्यावर विचार होईल.

विचार होईल. मी परात जिन्यावर ठेवली आणि तिथेच टेकले. गेल्या वर्षीचा सगळा मोसम एकदम अंगावर आला.

मी वाढवून सांगते, अशी माझी ख्याती आहे. आमच्याकडे कुणाच्या घरी पाणी गळलं तर माझ्या तोंडून बाहेर पडेपर्यंत त्याचा धबधबा होतो. पण गेल्या वर्षीची हकीगत सांगताना मला काहीच वाढवावं लागत नाही. उलट थोडं कापून सांगावं लागतं, नाहीतर लोकांना खोटं वाटतं. मला स्वतःलाच अजून खोटं वाटतं.

दळवी म्हणजे आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे आय. ए. दळवी. इमारत पाडून नवी बांधली तेव्हा त्यांनी इथे जागा घेतली. जन्म बोटीवर गेलेला माणूस. गाव रत्नागिरीकडे, खाडीच्या काठाला. मराठी अशी गोड की भांडतानासुद्धा आंबा कापून दिल्यासारखं वाटावं. सुरमई कशी निवडावी यावर त्यांचं आणि सावंतांचं जे वाजायचं, ते वर्सोव्याच्या कोळणींनी ऐकलं असतं तर दोघांनाही पाटीवर बसवून विकलं असतं. ‘आय’ म्हणजे काय, हे कुणी कधी विचारलंच नाही. सावंत म्हणायचे, इंद्रजित असणार. कोकणातले दळवी म्हणजे आपलेच, हे आम्ही पाण्यासारखं गृहीत धरलेलं.

त्यांनी लपवलेलं काही नव्हतं बरं का. ईदला पांढराशुभ्र झब्बा घालून खाली उतरायचे, आम्ही विचारायचो, कुणाचं लग्न? ते हसायचे. घरून शेवयांची वाटी यायची, आम्ही म्हणायचो, वा, कोकणात खीर अशी करतात वाटतं. दारावर सोनेरी अक्षरांत कुराणातली आयत लावलेली होती. आमचे सेक्रेटरी परुळेकर सगळ्यांना सांगायचे, शोपीस आहे, बोटीवरून आणलंय. आमच्या मजल्यावर राहणारी वनिता गजभिये, मूळची नागपूरकडची, शाळेत शिकवते, तिला मात्र पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी नंतर तिला म्हटलं, अगं मग सांगायचंस ना. ती म्हणाली, ‘त्यात सांगण्यासारखं काय होतं?’

परुळेकर कानात मशीन घालतात, पण बॅटरी वाचावी म्हणून ते बहुतेक वेळ खिशात असतं. मागच्या फाल्गुनात दळवी त्यांना जिन्यात भेटले आणि म्हणाले, नातीची रोजाकुशाई आहे, हॉल हवा. आता रोजाकुशाई म्हणजे लेकराने आयुष्यातला पहिला रोजा ठेवला की संध्याकाळी तो सोडताना करतात तो समारंभ. नवे कपडे, गळ्यात हार, चार लोक जेवायला. आपल्याकडे मुंजीला किंवा बोरन्हाणाला करतात तसंच कौतुक. पण परुळेकरांच्या कानात त्यातलं अर्धंच शिरलं. रोजा बाहेर राहिला, कुशाई आत गेली.

आता तुम्हीच सांगा, कोकणात जाखाई आहे, वाघजाई आहे, जुगाई आहे. मग कुशाई का नसावी? परुळेकरांनी हात जोडले, म्हणाले, कुलदेवी का? दळवी जिना उतरत होते, त्यांना वाटलं काहीतरी चांगलंच म्हणताहेत, त्यांनी मान हलवली आणि काजूच्या बागेचं बघायला त्याच दिवशी गावाला निघून गेले. दुसऱ्या दिवशी बोर्डावर परुळेकरांच्या वळणदार अक्षरात सूचना लागली: श्री कुशाई देवीच्या उत्सवानिमित्त दळवी परिवाराकडून हॉलमध्ये कार्यक्रम. सर्वांनी दर्शनाचा व महाप्रसादाचा लाभ घ्यावा. सार्वजनिक कार्यक्रम असल्याने भाडे आकारलेले नाही.

मग जे झालं ते ऐका. पापड लाटता लाटता देवीला रूप यायला लागलं. एकीने सांगितलं, कुशाई खाडीतून वर आलेली आहे. दुसरी म्हणाली, ती माझ्या आत्याच्या सासरची, फार कडक, सोवळं चुकलं तर ताप काढते. कुणीतरी म्हणालं, परीक्षेला पावते. वाहनाचं कुणाला सुचत नव्हतं, ते मी पुरवलं, खेकडा. कोकणातली देवी, खाडीतली, तिला सिंह कुठून मिळणार. आठवडा सरता सरता दहावीच्या मुलांच्या आया कुशाईला नारळ बोलून मोकळ्या झाल्या होत्या. पहिल्या मजल्यावरच्या एकीने तर शपथेवर सांगितलं की देवी तिच्या स्वप्नात आली आणि बीजगणिताचा अमुक धडा नीट कर म्हणाली.

दळवी गावाहून परतले, हातात काजूच्या बियांची पिशवी, आणि बोर्डासमोर उभे राहिले. मी पाठीमागेच होते. आधी त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. हसत होते बिचारे, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग चष्मा पुसून सरळ परुळेकरांच्या दारात गेले, आणि मी सहज, अगदी सहज, त्यांच्या मागे. म्हणाले, अहो परुळेकर, देवी नाही हो. रोजा. आमची सना पहिला रोजा ठेवणार आहे, आम्ही मुसलमान आहोत, इब्राहिम माझं नाव. बोर्ड तेवढा दुरुस्त करा, लोक नारळ घेऊन यायचे.

परुळेकरांनी खिशातून मशीन काढलं, कानात घातलं आणि म्हणाले, ‘परत सांगा.’

त्यांनी परत सांगितलं. मी आयुष्यात पुष्कळ तऱ्हांची शांतता पाहिली आहे, सावंत पगार हातात ठेवताना जशी पडायची तशीसुद्धा. पण परुळेकरांच्या दारातली ती शांतता वेगळीच होती. एखादं ओळखीचं घर एकदम रिकामं दिसावं तशी. परुळेकर वाईट माणूस नाही. माझ्या बाळंतपणात ॲम्ब्युलन्समध्ये पुढे बसून आलेला माणूस आहे. तो ‘बघतो’ म्हणाला आणि त्याने दार लावलं. हळूच लावलं, आपटलं नाही. आपटलं असतं तर मला इतका धक्का बसला नसता.

संध्याकाळी कुशाई देवी बोर्डावरून गेली. तिच्या जागी नवी सूचना: सोसायटीचा हॉल धार्मिक कार्यक्रमांसाठी दिला जाणार नाही.

त्या सूचनेकडे मी किती वेळ बघत राहिले कोण जाणे. तोच कागद, तेच अक्षर. तीच मुलगी, तोच हॉल, तीच संध्याकाळ, तेच जेवण. देवी असती तर सार्वजनिक. अल्ला निघाला, तर धार्मिक. जी देवी कुठेच नव्हती तिला आम्ही नारळ बोललो, आणि जो माणूस रोज लिफ्टचं दार धरून उभा राहतो त्याला म्हणे नियम. सार्वजनिक हा शब्द आपल्या मराठीत किती उदार वाटतो, नाही? सार्वजनिक नळ, सार्वजनिक वाचनालय, सार्वजनिक गणपती. सर्व जनांचं ते सार्वजनिक. त्या सर्व जनांत दळवी आहेत की नाहीत, हे आम्हाला एका कार्यक्रमासाठी ठरवावं लागावं?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर होळी आधीच पेटली. ज्या बायकांनी खेकड्यावर बसलेली देवी जागृत असल्याचं सांगितलं होतं, त्यांनीच लिहिलं की दळवींनी देवीच्या नावाने फसवून हॉल घेतला. वनिताने उत्तर टाकलं, ‘त्यांनी रोजाकुशाई म्हटलं होतं. देवी तुम्ही बनवली.’ त्यावर कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं, कुणीतरी झेंड्याचं. एका तरुण मुलाने, ज्याला मी स्वतः माझ्या वाटीतून वरण-भात भरवलाय, असं काही लिहिलं की ते मी इथे लिहिणार नाही. मी फोन उलटा करून ठेवला. सावंत म्हणाले, चहा करू? सावंतांनी चहा करायची तयारी दाखवली, यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते ओळखा.

सभा त्याच हॉलात भरली. समोरच्या भिंतीवर गणपतीची तसबीर, खाली लोखंडी कपाटात सत्यनारायणाच्या पूजेचा चौरंग, गरब्याच्या टिपऱ्यांचं पोतं, वनिताच्या बुद्धजयंतीच्या पांढऱ्या चादरी. परुळेकर उभे राहिले. दळवींकडे न बघता म्हणाले की माणूस म्हणून दळवी एक नंबर आहेत, प्रश्न माणसाचा नाहीच, पायंड्याचा आहे. आज एक, उद्या दहा. शिवाय हॉल धार्मिक गोष्टींसाठी नाहीच आहे.

वनिता बसल्या जागेवरून म्हणाली, ‘मग सत्यनारायण काय असतो, काका? स्पोर्ट्स डे?’

मागच्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच खोकलं. परुळेकर म्हणाले, तो आपला घरगुती असतो. वनिता म्हणाली, आमची बुद्धवंदना होते तेव्हा तुम्हीच खुर्च्या मांडता, ती पण घरगुती का? परुळेकर म्हणाले, ती वेगळी. आता त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मला त्यांची दयासुद्धा येत होती. माणूस स्वतःच्याच वाक्यात अडकला की फार केविलवाणा दिसतो.

मग तडजोडी सुरू झाल्या. आपल्याकडे अन्याय कधी सरळ करत नाहीत, तडजोड म्हणून करतात. एकजण म्हणाला, जेवण करा, हार घाला, फक्त ती नमाज तेवढी नको. दळवींनी शांतपणे समजावलं की रोजा सुटला की मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, नमाज असते. ती काढून टाकली तर उरेल ती पार्टी, आणि पार्टीसाठी नात दिवसभर उपाशी राहणार नाही.

तेव्हा आमचे सावंत उठले. सभेत सावंत बोलणं म्हणजे ग्रहण लागण्यासारखं, लोक बाहेर येऊन बघतात. म्हणाले, अरे, दळवी परके आहेत का? गणपतीत आपल्याबरोबर मोदक खातात, विसर्जनाला गाडीपुढे चालतात, आपल्यासारखेच आहेत. मला अभिमान वाटला नवऱ्याचा. मी टाळी वाजवायला हात उचललासुद्धा.

दळवी त्यांच्याकडे वळून म्हणाले, ‘सावंत, मोदक मला आवडतात म्हणून खातो. नसते आवडले तर हॉल मिळाला नसता का?’

माझे हात तसेच हवेत राहिले. खरंच की. आम्ही त्याच्या बाजूने बोलत होतो, आणि बोलताना त्याच्यासमोर आमच्यासारखं असण्याची अट ठेवत होतो. तो माणूस आमच्यासारखा नव्हता. पहाटे उठून वेगळ्या देवाचं नाव घेत होता, वेगळा उपास धरत होता, आणि त्या वेगळेपणासकट त्याने दर महिन्याचा मेंटेनन्स भरला होता. मला राहवेना. मी म्हटलं, दळवीभाऊ, मरू दे तो हॉल. माझं घर आहे ना, फर्निचर बाहेर काढते, पन्नास माणसं बसवते. माझ्या घरात पन्नास माणसं बसली तर खालच्या मजल्यावर उतरतील, पण मी त्या भरात पाचशेसुद्धा म्हटली असती.

‘वहिनी,’ ते म्हणाले, ‘तुमचं घर आहे हे मला ठाऊकच आहे. तिथे मी पाहुणा. इथे मी सभासद.’

वनिताने मग शेवटचं सांगितलं. देशाच्या घटनेत ज्याला त्याला आपला धर्म पाळायची मुभा आहे, आणि आपल्या सोसायटीचं गेट त्या देशातच उघडतं. नियम करायचा तर सगळ्यांना करा. सत्यनारायण, गरबा, बुद्धवंदना, सगळं आजपासून बंद. नाहीतर सगळं चालू. मतदान घ्या.

हात वर करायला सांगितले. आमच्या बाजूने, म्हणजे ‘सगळं चालू’ला, जास्त झाले, थोडक्या फरकाने. मला ठाऊक आहे की त्यातले कितीतरी हात दळवींसाठी नव्हते, सत्यनारायण वाचवण्यासाठी होते. असो, हात तो हात. पण मी विरोधातले हात बघत होते. मला ते बघायचे नव्हते, तरी नजर हलेना. परुळेकरांचा उजवा हात. माझ्यासमोर बसून लाट्या करणारा एक हात, बांगड्यांसकट. वरण-भातवाल्या मुलाचा हात, सगळ्यांत उंच. यातला एकही हात मला अनोळखी नव्हता. दंगलीच्या, मोर्च्यांच्या बातम्या बघताना वाटतं, कोण असतात ही माणसं, कुठून येतात? कुठून येत नाहीत हो. खुर्चीवर बसलेली असतात, आपल्या शेजारी. आणि त्यांनी हात खाली घेतल्यावर एकाने मला विचारलं, वहिनी, यंदा पापडात हिंग जास्त घातलात का?

होळीनंतरच्या एका संध्याकाळी सनाने रोजा सोडला. पाचवीतली पोर, हिरवा शरारा, गळ्यात मोगरा आणि गुलाबाचा हार, ओठ सुकून पापड झालेले. दिवसभर तिने थुंकीसुद्धा गिळायला भीत भीत गिळली, असं तिची आजी सांगत होती. खुर्च्या मांडल्या होत्या तितकी माणसं आली नाहीत. रिकाम्या खुर्च्या मी पटापट एकात एक घालून कोपऱ्यात ढकलल्या, हॉल भरलेला दिसावा म्हणून. दळवींच्या फोनवर अजान झाली, हल्ली ती फोनवरच होते. सनाने डोळे मिटून खजूर तोंडात घातला आणि पाण्याचा पेला एका दमात संपवला. आम्ही बायका उगाचच डोळे टिपत होतो, जशी काही पोर सासरी निघाली होती.

मग दळवी आणि त्यांचे पाहुणे नमाजेला उभे राहिले. पश्चिमेकडे तोंड, खिडकीकडे, जिथून सावर दिसते. गणपतीची तसबीर त्यांच्या पाठीमागे आली. कुणी ती काढा म्हटलं नाही, कुणी झाका म्हटलं नाही. मला वाटलं, त्या हॉलात पहिल्यांदाच कुणीतरी गणपतीकडे काही न मागता उभं आहे, त्यालाही जरा टेकायला मिळालं असेल. वनिता, मी, सावंत, आम्ही भिंतीला लागून गप्प बसलो होतो. काहीही कोसळलं नाही. छत जागेवर होतं. ज्या गोष्टीसाठी सभा भरली, ग्रुप पेटला, ती एवढीच होती: काही माणसं वाकली, कपाळ टेकलं, उठली, आणि मग आम्हाला म्हणाली, चला, जेवून घ्या.

जेवणाआधी सना एका ताटात खजूर घेऊन माझ्याकडे आली. आजोबांना ती दादा म्हणते. म्हणाली, ‘सावंत आजी, ज्यांनी नको म्हणून हात वर केला त्यांची नावं दादा सांगत नाहीत. तुम्ही सांगा ना. त्यांना आधी द्यायचेत.’

आमच्या इमारतीतली कुठलीही बातमी माझ्या पोटात रात्रभर राहिलेली नाही. पण या पोरीला कळलेलं होतं की तिच्या उपासावर मोठ्यांनी मतं घेतली. कुणी सांगितलं तिला? शाळेत? लिफ्टमध्ये? शेवटी मी एवढंच म्हटलं, सगळ्यांच्याच घरी दे बाळ, वरच्या मजल्यापासून सुरू कर.

ती शरारा उचलून जिना चढली. आम्ही पानं वाढायची थांबवली. वरून बेल वाजल्याचे आवाज येत होते, मधूनच दार, मधूनच नुसती बेल. परतली तेव्हा ताटात पुष्कळ खजूर तसेच होते.

मी विचारलं, परुळेकरांकडे गेलीस?

‘हो. त्यांनी असा घेतला,’ तिने उजव्या हाताची ओंजळ केली, तिच्याखाली डावा हात धरला, ‘आणि आधी कपाळाला लावला, मग खाल्ला. मग दारातच उभे राहिले. खजूर कपाळाला का लावतात, आजी?’

मी म्हटलं, आमच्याकडे प्रसाद तसा घेतात, सवय असते हाताला. आणि बाकीच्यांनी?

तिने ताटाकडे पाहिलं. म्हणाली, ‘आत टीव्ही चालू होता, पण दार नाही उघडलं. रोजे अजून खूप आहेत ना. उद्या परत जाऊ?’